तेस्नीची वही

तेस्नीच्या वहीत पहिल्या पानावर
नुसते नकार आहेत.
फुगे नकोत. चमकी नको. प्लास्टिकचा चमचा दिसला
तर आणणाऱ्याने तो परत घरी न्यायचा.
त्याखाली, माझ्या नावासमोर:
आई, बरण्या, एकशे चाळीस.

म्हणून मार्चपासून आमच्या न्हाणीत
बरण्या पोहताहेत.
लेबलं सुटतात, डिंक सुटत नाही.
घरभर व्हिनेगरचा वास, आणि माझ्या नखांत
कुणाकुणाच्या मुरंब्यांची नावं.

कपाटाच्या तळातून तिने माझ्या आईचे कप काढले.
एकाचा कान तुटका, एकाला वरून खाली तडा,
दोन सारखे म्हणून नाहीत.
पाहुणे आले की आम्ही ते लपवायचो.
‘असेच हवेत,’ ती म्हणाली, ‘व्हिंटेज.’
आई आयुष्यभर कोंड्याचा मांडा करत राहिली;
त्याला असं नाव आहे हे तिला कुणी सांगितलं नाही,
नाहीतर चॅपेलात
जरा ताठ मानेने बसली असती.

निमंत्रणाचा कागद घरीच केला:
जुनी बिलं, मेंढ्यांच्या औषधांच्या पावत्या
भिजवून, कुटून, चाळणीवर पसरून,
आणि त्यात रानफुलांचं बी.
वाचून झालं की मातीत पुरा, असं खाली लिहिलं.
एमलिनमामाने लगेच पुरलं.
मग फोन केला: लग्न किती वाजता आहे?

ओल्वेन, पलीकडच्या टेकडीवरची, पताका शिवते आहे.
पडदे संपले, उशांचे अभ्रे संपले,
परवा नवऱ्याचे सदरे घेऊन आली.
कात्री एकदाच थांबली, कॉलरपाशी.
मी चहा ठेवायला उठले.

पोशाख खालच्या गावातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातला.
आतल्या घडीत निळ्या दोऱ्याने अक्षरं: ई. पी., १९५८.
तीन गावांत विचारलं. कुणाला ठाऊक नाही.
तेस्नीने ती उसवली नाहीत.
शेजारी स्वतःची घालणार होती;
सुईत दोरा ओवलेला आहे, जागा अजून कोरी.

मंडप नदीकाठच्या कुरणात, एवढं मात्र पक्कं होतं.
मे संपताना मॅक्सेन खुंट्या आणि सुतळी घेऊन
माप घ्यायला गेला,
आणि पायाशी गवतच किंचाळलं.
गल्विनिर. विळ्यासारखी लांब चोच,
उठला, डोक्यावर घिरट्या घालत राहिला,
रडणं आणि शीळ यांच्या मधला तो आवाज.
खाली चार अंडी, ओल्या शेवाळाच्या रंगाची.
या खोऱ्यात तो आवाज मी
अकरा वर्षांनी ऐकला, स्वयंपाकघरात, हात बरणीत असताना.

मॅक्सेनने खुंट्या उपटल्या. घरी येऊन
बूट न काढताच सांगितलं.
तेस्नी संध्याकाळभर रडली.
इतक्या पानांच्या वहीत
या पाहुण्यांसाठी पान नव्हतं.
रात्री तिने ‘कुरण’ खोडलं, वर लिहिलं: मेंढवाडा.

हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं.
नऊ हिवाळ्यांचं शेण, थरावर थर, दगड झालेलं,
मी आणि ग्विलिम फावड्याने खरवडतो आहोत.
कुरणातलं गवत आता ऑगस्टआधी कापायचं नाही.
चारा विकत घ्यावा लागेल; ग्विलिम आकडा बोलत नाही,
फावडं जरा जोरात मारतो.
लोकरीचा वास जाणार नाही, मी सांगून ठेवलंय.
ती म्हणते, लॅव्हेंडर टांगू.
टांगू दे.

काल पहाटे बांधावरून दुर्बीण लावली.
कुरणातून एक कावळा उडाला,
चोचीत काहीतरी हिरवट, गोल.
घरी आले तर तेस्नी वही उघडून बसलेली.
शेवटच्या पानावर तिने पेन्सिलीने
चार अंडी काढली आहेत, प्रत्येकावर बारीक ठिपके.

मी बरण्या पुन्हा मोजल्या.
दोन फुटल्यात, म्हटलं, एकशे अडतीस उरल्या.
एवढंच सांगितलं तिला.